वास नसलेला गॅस

मिरजेत स्टेशनकडून गावात येताना एक दूध-आईस्क्रीमचं दुकान लागतं. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथून फोन आला, नवा डीप फ्रीजर नीट गार करत नाही म्हणून. जाऊन बघितलं तर तक्रार किरकोळ निघाली. शेजारी पिठाची गिरणी, त्यामुळे कंडेन्सरवर पिठाचा असा थर बसलेला की जाळी दिसेना. प्लग काढला, ब्रश मारला, ब्लोअर मारला, झालं काम. पण फ्रीजर काउंटरसारखा लावलेला, पाठ गिऱ्हाइकाकडे. आणि त्या पाठीवर, कॉम्प्रेसरच्या पत्र्यावर, मोठा लाल स्टिकर: ‘आज रोख, उद्या उधार’. त्याच्या एका कोपऱ्यातून काहीतरी पिवळं डोकावत होतं. नखाने कोपरा उचलला तर खाली पिवळा त्रिकोण आणि त्यात काळी ज्वाळा. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘ते कंपनीचंच हाय ओ. गिऱ्हाईक इचारतंय, ह्यात पेट्रोल घालताय काय. मग झाकून टाकलं.’’

मी सांगितलं, स्टिकर दुसरीकडे लावा. तो ‘लावतो की’ म्हणाला, आणि ज्या सुरात म्हणाला त्यावरून लावणार नाही हे कळलं. मी पैसे घेऊन बाहेर पडलो, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. गिऱ्हाइकाला त्या त्रिकोणाची गरजच नाही. आतला पेटणारा गॅस नळीत बंद आहे तोवर त्या पेटीचा कुणाला धोका नाही. तो त्रिकोण माझ्यासाठी आहे. माझ्यासाठी म्हणजे, उद्या मी नसेन तर जो कोणी जवळचा मेकॅनिक हातात नळ्या झाळायचा पेटता टॉर्च घेऊन तिथे गुडघ्यावर बसेल त्याच्यासाठी. त्याला खाली वाकून दिसणार काय, तर आज रोख, उद्या उधार.

आमच्या धंद्यात नाकाला फार मान होता. आयटीआय झाल्यावर उस्तादांनी मला आधी दुकानात बसवलंच नाही, रत्नागिरीला नेलं, बर्फाच्या कारखान्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याला होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा कारखान्यांचं ओव्हरहॉल चालतं. बाहेर पाऊस, आत ब्राईनच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या, टाकीवरच्या ओल्या फळ्या, मिठाने खाल्लेले लादीचे डबे, आणि सगळ्याच्या वर तो अमोनियाचा वास. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, ‘‘बेटा, हा गॅस चांगला आहे. हा सांगून मारतो.’’ त्यांचं म्हणणं मला पुढे पटलं. अमोनिया म्हणजे घरातली तोंडावर बोलणारी आत्या, पोटात काही ठेवत नाही. आठ तासांच्या कामाला हवेत २५ पीपीएमची, म्हणजे दहा लाखात २५ भागांची, मर्यादा धरतात, आणि नाक त्याच्या बरंच आधी बोंब मारतं. ३०० पीपीएमला तिथे उभंच राहायचं नसतं, आणि उभं राहवतही नाही. लिकेज शोधायला उस्ताद गंधकाची वात पेटवून पाईपावरून फिरवायचे. जिथे गळती असेल तिथे पांढरा धूर दाट व्हायचा. अंधाऱ्या कॉम्प्रेसर रूममध्ये लोखंडी पाईपांच्या जंजाळातून ती निळी ज्योत हळूहळू सरकताना मी कितीदा तरी बघितली आहे. (पाईप लोखंडीच. अमोनिया तांबं खातो, म्हणून त्या कारखान्यात पितळेची चावीसुद्धा चालत नसे.)

तरीही त्यांनी मला ज्या कामाची खरी भीती घातली ते लिकेजचं नव्हतं. ऑईल काढणं. अमोनियाच्या प्लांटमध्ये कॉम्प्रेसरचं ऑईल थोडंथोडं पुढे जातं, आणि द्रव अमोनियापेक्षा ते जड, म्हणून भांड्याच्या तळाशी साचतं. खालच्या व्हॉल्व्हमधून ते मधूनमधून काढावं लागतं. गार झालेलं ऑईल घट्ट असतं, येतच नाही. माणूस कंटाळतो. व्हॉल्व्ह आणखी अर्धा फेरा उघडतो, तरी येत नाही. मग कुणीतरी तार घालून खुपसतो, आणि एका क्षणात अडकलेलं ऑईल सुटतं, त्याच्या पाठोपाठ उणे तेहतीस अंशाला उकळणारा अमोनिया थेट तोंडावर. उस्तादांचे नियम साधे होते. बादली लावली की तिथून हलायचं नाही. तार घालायची नाही. दुसरा माणूस दारात उभा पाहिजे, आणि त्याने आत यायचं नाही. व्हॉल्व्हच्या पुढे स्प्रिंगचा दुसरा व्हॉल्व्ह हवाच, हात सुटला की आपोआप बंद होणारा. मालकाने तो बसवला नव्हता तेव्हा उस्ताद दोन दिवस चहा पीत बसले, पण ऑईलला हात लावला नाही. मालक वैतागून पनवेलहून व्हॉल्व्ह घेऊन आला. तोंडाला ओला टॉवेल बांधायची तिथे सगळ्यांना सवय होती. त्याबद्दलही उस्ताद म्हणायचे, ओला टॉवेल पळून जायला आहे, आत शिरायला नाही. आत शिरायचं तर सिलेंडरवाला मास्क, नाहीतर फायर ब्रिगेड.

एवढं सगळं शिकून मी सांगलीत आलो आणि धंदा सुरू केला तो आर-२२ ह्या गार करणाऱ्या गॅसचा. इथे सगळंच सोपं वाटलं. वास नाही, डोळ्यांत पाणी नाही, पेट नाही. फ्रीजर उघडायचा म्हणजे चार्जिंग लाईनला, म्हणजे गॅस भरायच्या नळीला, टॉर्च लावायचा, नळी लाल झाली की पक्कडीने ओढायची, आणि शीऽऽ करून सगळा गॅस हवेत. ती शीळ म्हणजे काम सुरू झाल्याची खूण. दुकानाबाहेर रस्त्यावर, झाडाखाली, कुठेही. लिकेज शोधायचं तर हॅलाईड टॉर्चची ज्योत नळीवरून न्यायची, गॅस असला की ज्योत हिरवी. जुने मेकॅनिक सांगायचे, तोंडातली विडी अचानक कडू लागली तर समजायचं गॅस आहे. आता विचार केला की अंगावर काटा येतो, कारण ज्योतीत किंवा विडीच्या टोकाला तो गॅस जळून ॲसिडचे वायू होतात, आणि त्यांत थोडा फॉस्जीनही, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला. पण तेव्हा घसा खवखवला की आम्ही वर चहा घ्यायचो. चटका मात्र सगळ्यांना ठाऊक होता. द्रव आर-२२ हातावर उडाला तर कातडी पांढरी पडते, दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच माणूस काम चालू ठेवतो. दुखायला लागतं ते रात्री.

हा शांत स्वभाव त्या गॅसच्या घराण्याला कुणीतरी ठरवून दिला होता. त्याआधीच्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साईड असायचा, मिथाइल क्लोराईड असायचा, आणि गळला की घरातली माणसं जायची. म्हणून थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन माणसाने फ्रिऑन काढला, आणि १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या लोकांपुढे तो छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत. पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, १९७४ मध्ये, मोलिना आणि रोलंड यांनी हा गॅस वर जाऊन ओझोन खातो असं मांडलं. १९८५ ला अंटार्क्टिकावरचं भोक जाहीर झालं, १९८७ ला माँट्रियल करार. आपल्याकडे १ जानेवारी २०१० पासून आर-१२चं, म्हणजे मिजलीच्या त्या पहिल्या फ्रिऑनचं, घराणं बंद झालं आणि आर-२२ आता शेवटच्या घटका मोजतोय. त्यांच्या जागी ओझोनला हात न लावणारे गॅस आले, पण ते हवा तापवण्यात वस्ताद निघाले. कोल्ड रूममध्ये आपण सर्रास भरतो तो आर-४०४ए, त्याचा एक किलो सुटला म्हणजे जवळजवळ चार टन कार्बन डायऑक्साईड सोडल्यासारखं. म्हणून २०१६ ला रवांडातल्या किगालीत आणखी एक ठराव झाला, २०२१ ला भारतानेही मान्य केला, आणि कंपन्यांनी आईस्क्रीमच्या पेट्यांत प्रोपेन भरायला सुरुवात केली. आर-२९०. हवा तापवण्याचा आकडा, कार्बन डायऑक्साईडचा एक धरला तर, तीनच्या आसपास, म्हणजे नसल्यातच जमा. गार करण्यात उत्तम, वीज कमी खातो, कॉम्प्रेसर कमी तापतो. मला तांत्रिकदृष्ट्या त्यात नाव ठेवायला जागा नाही, आणि बदल झाला ते योग्यच झालं.

फक्त धोक्याचा पत्ता बदलला. पूर्वी तो आभाळात होता, आता आमच्या मनगटापाशी आहे.

‘‘दीडशे ग्रॅम तर असतो, काय होतंय?’’ हे मी दुकानदारांकडून ऐकतो आणि मेकॅनिकांकडूनही ऐकतो. घरच्या सिलेंडरमध्ये १४.२ किलो असतात, त्यापुढे दीडशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असा हिशोब. मी पोरांना दुसरा हिशोब करून दाखवतो. दीडशे ग्रॅम प्रोपेन बाहेर पडला की त्याचे साधारण ८३ लिटर होतात. हवेत दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला की पेटतो. म्हणजे ते ८३ लिटर चार घनमीटर हवेला पेटतं करतात. चार घनमीटर म्हणजे आपल्याकडच्या दुकानामागची ती जिन्याखालची खोली, जिथे फ्रीजर, तेलाचे डबे, देव्हारा आणि बऱ्याचदा उदबत्ती सगळं एकत्र असतं. शिवाय प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड. तो खोलीभर पसरत नाही, फरशीवर साचतो, जिथे मेकॅनिक गुडघ्यावर बसलेला असतो आणि जिथे कॉम्प्रेसर चालू करणारा रिले टिकटिकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो, म्हणून आपण नाकाच्या भरवशावर निवांत झोपतो. फ्रीजरमधला प्रोपेन शुद्ध असतो, त्यात कसला वास नसतो. उस्तादांनी माझं नाक तयार करण्यात एवढी मेहनत घेतली, ते इथे कामाचं नाही.

सांगलीतल्या एका बेकरीत गेल्या हंगामात असाच फ्रीजर गळका निघाला. बेकरी म्हणजे भट्टी चोवीस तास चालू. मी मालकाला म्हटलं, पेटी मागच्या अंगणात काढायची, आत उघडणार नाही. तो म्हणाला, आधीचे मेकॅनिक जागेवर करून जायचे. जायचे, खरं आहे. त्यांच्या वेळी गॅस वेगळा होता. पेटी निघाली. मग आमच्या पोराने बोर्डावरचा किटकॅट फ्यूज काढला आणि खिशात घातला. हे मी त्याला घोटून घेतलंय. एमसीबी असेल तर तिला कुलूप आणि किल्ली खिशात, कारण आपण पत्र्याखाली हात घातलेला असताना ‘लाईट का गेली’ म्हणत स्विच वर करणारा माणूस प्रत्येक दुकानात एक असतोच. कॅपॅसिटर रेझिस्टरने उतरवला, स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून नाही. डिटेक्टर फरशीलगत फिरवला. मग नळीला टोचून बसणारा व्हॉल्व्ह लावला आणि लांब होज ओढून उरलेला गॅस अंगणाच्या टोकाला उघड्यावर सोडला, तेसुद्धा गटाराची जाळी कुठे आहे ते बघून, कारण जड गॅस गटारात उतरला तर तो कुठे जाऊन निघेल सांगता येत नाही. त्यानंतर नायट्रोजन, नळी धुऊन निघेपर्यंत. आणि मग कटर. आग नाही, कटर. तांब्याच्या नळीवर कटर गोल फिरवायचा, प्रत्येक फेऱ्याला चाक जरासं घट्ट करायचं, कुर्रकुर्र आवाज येतो, आणि नळी निमूट सुटते. टॉर्च पेटला तो त्यानंतर, आतून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवून. त्या धारेमुळे आत काळी खपली धरत नाही. ती खपली पुढे कॅपिलरीत, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत, अडकून पुन्हा आम्हालाच शिव्या खायला लावते.

इथपर्यंत मालकाला गंमत वाटत होती. पुढचं त्याला सहन होईना. नायट्रोजनचं प्रेशर भरून गेज बघत बसायचं, काटा हलतो का. हलला नाही, म्हणून प्रेशर सोडलं आणि व्हॅक्यूम पंप लावला, तोही बाहेरच्या बोर्डावरून. पंप घुरघुरतोय आणि आम्ही पायरीवर. आतलं ओलसरपण त्या व्हॅक्यूममध्ये अंगणातल्या उन्हातच उकळून निघतं, पण त्याला त्याचा वेळ लागतो, आपल्या घाईवर ते उकळत नाही. मालक तीनदा येऊन गेला. ‘‘क्रीम खराब हुतंय माझं, आणि तुम्ही नुसतं बसलाय.’’ नुसतं बसणं हेच तेव्हा काम होतं, हे त्याला कसं सांगणार? पंप बंद केला, व्हॅक्यूम मोजणारं मायक्रॉन गेज पाचशेच्या खाली टिकलं, तेव्हा वजनकाटा काढला. पाटीवर ९० ग्रॅम लिहिलेले. नव्वद म्हणजे नव्वद. जुन्या गॅसच्या वेळी सक्शन लाईनवर हात ठेवून, घाम किती धरला ते बघून आम्ही अंदाजाने भरायचो आणि अंदाज बरोबर यायचे. इथे पाच-दहा ग्रॅमने फ्रीजरचा स्वभाव बदलतो. नळी पिंच केली, टोकाला लॉकरिंग, म्हणजे नळी बंद करणारी धातूची कडी, दाबून बसवली, पुन्हा आग नाही. बिल बघून मालक म्हणाला, ‘‘नव्वद ग्रॅम गॅसचे एवढे?’’ मी म्हटलं, गॅसचे नाहीत, बसण्याचे. तो हसला आणि शंभर रुपये कापून दिले.

त्याच पेटीचा रिले आधी कुणीतरी बदललेला होता. नवा बसवणाऱ्याने बाजारात मिळतो तो साधा, उघडा रिले टाकला होता, चालू होताना ठिणगी टाकणारा. कंपनीने दिलेला सीलबंद असतो, महाग असतो आणि आमच्याकडच्या पेठेत सहज मिळत नाही. दोन्ही चालतात, दोन्हींनी कॉम्प्रेसर सुरू होतो. म्हणून तर सांगणं अवघड. गळका गॅस फरशीवर आणि वर दर काही मिनिटांनी ठिणगी, हे त्या बेकरीत किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक. मालकाला मी तो रिले दाखवला. त्याने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, ‘‘मग हा परत वापरता येतो की?’’

अंदाजाने काम करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांचे हात पंचवीस-तीस वर्षं अशा गॅसवर तयार झाले ज्याने प्रत्येक चूक पोटात घातली. हाताला जे शिकवलं ते हात विसरत नाही. एका साईटवर प्रेशर मारायला म्हणून एक पोरगा सिलेंडरला होज जोडत होता. संध्याकाळची वेळ. नायट्रोजनचं सिलेंडर करडं असतं आणि ऑक्सिजनचं काळं, पण टेम्पोत घासून, काजळी आणि धूळ बसून दोन्ही एकाच मातकट रंगाची झालेली. तो जोडत होता ते ऑक्सिजन. कॉम्प्रेसरमध्ये ऑईल, त्यात दाबाखाली ऑक्सिजन, म्हणजे स्फोटाला ठिणगीचीही वाट बघावी लागत नाही. तिथल्या हेल्परने ओरडून थांबवलं म्हणून निभावलं. पोराने होज काढला आणि शांतपणे म्हणाला, आमच्याकडे नायट्रोजन नसला की असंच करतात. खरं सांगायचं तर त्या वाक्याने मला सिलेंडरपेक्षा जास्त घाबरवलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा बाजारपेठेतल्या पेट्या तरंगल्या. डीप फ्रीजर तरंगतो. भिंती पफच्या, म्हणजे हलक्या फोमच्या, झाकण घट्ट. पाणी ओसरल्यावर शटर उघडली तर फ्रीजर माळ्याला टेकून तिरके अडकलेले, काही उलटे, आत कुजलेलं दूध, आणि सगळ्यावर तो बोटभर जाड, गुळगुळीत, गोडसर कुबट वासाचा गाळ. माणसं दुकान धुवायच्या आधी विचारायची, हा चालू होईल का? त्या दिवसांत मी एवढंच काम केलं म्हणायला हरकत नाही, लोकांना प्लग लावू न देणं. कॉम्प्रेसरच्या डोक्याला तीन पिना असतात, काचेच्या सीलमध्ये बसवलेल्या. आत मोटरचं वाइंडिंग पत्र्याला लागून अर्थ झालं असेल आणि तसाच करंट दिला तर कधीकधी ती काच फुटते, पिन गोळीच्या वेगाने सुटते आणि पाठोपाठ ऑईल आणि गॅसचा फवारा, पेटलेला. म्हणून टर्मिनलचं झाकण बसवल्याशिवाय करंट नाही, आणि तपासायचं ते करंट बंद ठेवून मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, लावून. एक मेगोहमच्या खाली दाखवलं की पेटी बाजूला. उलट्या झालेल्या पेट्या सरळ उभ्या करून तशाच ठेवायच्या, ऑईल खाली उतरेपर्यंत. पुन्हा तेच, थांबणं. पण पुरातून आलेल्या माणसाला थांबा म्हणणं सोपं नव्हतं. ज्याचं सगळं गेलं त्याला एक पेटी गार झालेली हवी होती, त्याला निदान तेवढं तरी चालू दिसायला हवं होतं. मी काहींकडे दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर गेलो, नाहीतर ते स्वतःच लावतील म्हणून. पैशांचं त्या महिन्यात कुणी बोललं नाही. सगळी उधारी, आणि बरीचशी परतही आली.

तासगावकडे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आहेत. तिथल्या खोल्यांत शिरायचं म्हणजे वेगळीच तऱ्हा. दार हातभर जाड, आत बेदाण्याचा गोड आंबूस वास, बॉक्सांच्या भिंती छतापर्यंत, आणि वर इव्हॅपोरेटरचे पंखे. आत जाण्याआधी मी पोराला बाहेर उभा करतो, दार लावून घ्यायला सांगतो आणि आतून उघडून बघतो. आतला खटका गंजून बसलेला मला एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडलाय. एका ठिकाणी तर त्याच्यापुढेच बॉक्स रचलेले. मॅनेजर म्हणाला, आत कोण कशाला अडकतंय? तिथेही गॅस आर-४०४ए, जड आणि बिनवासाचा. मोठ्या कॉईलमधून गळला तर बंद खोलीत तो खालून वर चढत प्राणवायू ढकलत जातो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही, थकवा वाटतो, मग तो बॉक्सवर जरा टेकतो. म्हणून मी एकटा आत जात नाही आणि कुणाला जाऊ देत नाही. दोन माणसांचे पैसे लावले की मालक म्हणतो, दुसरा तर दारात उभाच होता.

२०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं लिहिलेलं होतं. मला ते कागदावर बघून आनंद झाला होता, अजूनही आहे. असे वर्ग होतात, मी आमच्या पोराला एकाला पाठवलं, तो तिथून शहाणा होऊन आला आणि येताना मलाच चार गोष्टी सांगितल्या. पण डिटेक्टर, मायक्रॉन गेज, ग्रॅमचा काटा, नायट्रोजनचा रेग्युलेटर, लॉकरिंगची पक्कड, हे सगळं मिळून जेवढं होतं तेवढ्यात ह्या धंद्यातला पोरगा सेकंडहँड मोटारसायकल घेतो, आणि मोटारसायकलशिवाय धंदा होत नाही. पेटी विकणाऱ्याला हिरव्या पानाचं चिन्ह मिळालं, आईस्क्रीमवाल्याला पेटी कंपनीकडून फुकट वापरायला मिळाली, आभाळाचं भलं झालं. ह्या सगळ्याची जी किंमत आहे तिचा एक हप्ता हा पोरगा भरतोय, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. मी त्याला सरळ सांगतो, घाई करणारं गिऱ्हाईक सोडून दे. तो म्हणतो, काका, तुमचं नाव झालंय म्हणून तुम्हाला परवडतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सध्या एका अपार्टमेंटच्या तळघरातला फ्रीजर आमच्याकडे आलाय, म्हणजे आलेला नाही, तोच प्रश्न आहे. केटररचं गोडाऊन, खिडकी नाही, एक जिना, बाजूला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. पाटी बघितली, आर-२९०. मी म्हटलं, पेटी वर रस्त्यावर आणा, तिथे करतो. केटरर म्हणतो, चार माणसं लागतील, हमाली कोण देणार? मी म्हटलं, निम्मी मी. तो म्हणतो, विचार करून सांगतो, तोवर खालीच जमतंय का बघा की. परवा पुन्हा फोन आला. अक्षय्य तृतीयेच्या ऑर्डरी तोंडावर आहेत, आणि दुसरा एकजण खालीच करून द्यायला तयार आहे म्हणे. त्या दुसऱ्याचा नंबर मी मागून घेतला आहे.